आधी आपलं लिही, मग दुसऱ्याचं वाच

प्रिय मुली,

तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला आणि खरं सांगते, पहिल्यांदा वाचल्यावर मला तुझा रागच आला. टेकडीवरचे फोटो टाकतेस, खाली दोन ओळी लिहितेस, रात्री बघितलेल्या पिक्चरबद्दल चार ओळी लिहितेस, हे सगळं मी इतके दिवस आवडीने वाचतेय आणि तू एकदम विचारतेस की मावशी बंद करू का, मला ना पक्षी ओळखता येत ना सिनेमातलं काही कळत, माझ्या मताला बेस काय. बरं विचारलंस ते विचारलंस, पण 'किल्ला'बद्दल लिहिलेलं तू पुसूनच टाकलंस. का, तर ऑफिसमधला कोणीतरी म्हणाला की तुला तो पिक्चर कळलाच नाही.

तू काय लिहिलं होतंस ते मला पाठ आहे. फार काही घडत नाही, पण पाऊस खरा वाटला, शाळेतली ओली बाकं आठवली. एवढंच होतं. आता ऐक. 'किल्ला'चा दिग्दर्शक अविनाश अरुण, आणि त्या पिक्चरचा कॅमेराही त्यानेच केलाय. बदली होऊन कोकणात आलेली आई, नवीन गाव, नवीन शाळा, तो मुलगा आधीच एकटा पडलेला आणि त्यात बाकीची पोरं त्याला भर पावसात किल्ल्यावर सोडून निघून येतात, आता हे सगळं त्या मुलाच्या तोंडी कमी आणि त्या पावसातून, ओल्या भिंतींतून, समुद्राच्या रंगातून जास्त सांगितलंय. तुला कोणी काही सांगितलेलं नसताना तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस. आणि फार काही घडत नाही म्हणालीस तेही खोटं नाहीये, खरंच नाही घडत फार, ते म्हणायला कसली लाज. २०१४ ला बर्लिनच्या फेस्टिवलमध्ये त्याला क्रिस्टल बेअर मिळालं ते लहान मुलांच्या ज्युरीने दिलेलं. मुलांनी बघितला, मुलांना भावला, मुलांनी बक्षीस दिलं. आणि तू पंचविशीची बाई होऊन दोन ओळी लिहायला परवानगी मागतेयस.

म्हणून माझं एकच सांगणं आहे आणि ते मी या पत्रात तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. आधी आपलं लिहायचं, मग दुसऱ्याचं वाचायचं. क्रम बदलायचा नाही. दुसऱ्याचं वाचूच नको असं मी अजिबात म्हणत नाहीये, भरपूर वाच, तुझ्यापेक्षा जास्त बघितलेल्या माणसांचं तर जरूर वाच, पण नंतर. पिक्चर संपल्यावर घरी येईपर्यंत फोन उघडायचा नाही, रेटिंग बघायचं नाही, ग्रुपवर कोण काय म्हणतंय ते बघायचं नाही. आपल्या चार ओळी उतरवायच्या आणि मग काय तो गोंधळ घालायचा. कारण दुसऱ्याचं मत म्हणजे विरजण असतं बघ, थेंबभर पडलं तरी सकाळपर्यंत पातेलंभर दूध त्याचं होऊन जातं आणि मग आपलं दूध कसं होतं ते चाखायची सोय राहत नाही.

आता तुझ्या टेकडीच्या फोटोंकडे येते, कारण तिथेही हेच चाललंय आणि तुला ते कळत नाहीये. फेब्रुवारीत तू वेताळ टेकडीवरून गुलाबी फुलांनी लगडलेल्या झाडांचा फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस "पुण्यातलं चेरी ब्लॉसम". अगं, ही ओळ तुझी नाहीये. दरवर्षी त्या दिवसांत प्रत्येक रीलवर हीच ओळ असते. ते गिरिपुष्प आहे, ग्लिरिसिडिया, मध्य अमेरिकेतलं झाड, भराभर वाढतं म्हणून वनखात्याने आपल्या टेकड्यांवर लावलं आणि आता टेकडीवर प्रेम करणारी बरीच माणसं त्याच्या नावाने डोकं धरून बसलीयत की याच्यामुळे इथली मूळची झाडं आणि गवत मागे पडलं. पण हे तुला माहीत नव्हतं यावर माझा आक्षेप नाही, माहिती काय, मिळते. माझा आक्षेप हा की तू झाडाकडे बघितलंच नाहीस. बघितलं असतंस तर तुला दिसलं असतं की फांदीवर पान नाहीये आणि फुलं फांदीला चिकटून झुपक्याने आलीयत, शेंगवर्गातल्या फुलांसारखी, वालाच्या फुलाशी मिळतीजुळती, चेरीशी काही संबंध नाही. याच दिवसांत पांगारा फुलतो, काटेसावर फुलते, पळस फुलतो. एक काम कर. सकाळी पंधरा मिनिटं गिरिपुष्पाखाली उभी राहा आणि कोण कोण येतंय ते लिही, मग पंधरा मिनिटं फुललेल्या पांगाऱ्याखाली उभी राहा, साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर, कोतवाल, जे येईल ते लिही. मग मला सांग दोन्हींत काय फरक वाटला. मी आत्ता सांगणार नाही.

पक्ष्यांच्या नावांबद्दल विचारलंस. मर्लिन वापरतेस, ते आवाजावरून पक्षी ओळखणारं अॅप, आवाज ऐकू आला की फोन वर धरतेस, स्क्रीनवर नाव येतं, की खूश होऊन पुढे. अॅप चांगलंय, मीसुद्धा वापरते, पण टेकडी उतरून खाली आल्यावर. कारण नाव मिळालं की माणूस बघणं थांबवतो, हे मी इतक्या लोकांच्या बाबतीत बघितलंय की आता मला त्याची चीडच येते. बुलबुल का, हां, बुलबुल, चला पुढे. अगं तो बुलबुल काय करतोय? एकटा आहे की जोडी, काय खातोय, शेपटीखालचा लाल डाग कधी दिसतोय? नाव नंतर. आधी आपलं.

तुला एक सांगते. श्रावणात कधीतरी खाणीच्या पलीकडच्या उतारावर मी उभी होते, पाऊस नुकताच थांबलेला, आणि सातभाईंचा नेहमीचा कलकलाट चालू होता. ते टोळीने फिरतात तुला माहितीये, पिवळट डोळे, सतत भांडतायत असं वाटतं. त्यांच्या मधोमध फांदीवर एक पिल्लू बसलेलं, त्यांच्यातलं वाटेचना. पाठ काळपट, पोट मळकट पिवळसर, शेपूट लांब, डोक्यावर तुरा फुटायला लागलेला, आणि चोच उघडली की आतला लालभडक रंग दिसायचा. ते पंख थरथरवत सारखं ओरडत होतं आणि सातभाई आळीपाळीने येऊन त्याला भरवत होते, एक अळी, मग एक नाकतोडा, मग परत अळी, एक जण भरवून गेला की दुसरा हजर. मला काय चाललंय ते कळलं नाही. मी फक्त तारीख, वेळ आणि जे दिसलं ते सगळं तसंच्या तसं उतरवलं, तुऱ्याचं, चोचीच्या आतल्या रंगाचं, नाकतोड्याचं. नंतर एका जाणत्या माणसाला ते वाचून दाखवलं तर तो म्हणाला की हे चातकाचं पिल्लू. चातक पावसाबरोबर येतो, आफ्रिकेतून येतो, आणि अंडं घालतो सातभाईंच्या घरट्यात. पावशाही तेच करतो, तो "पेर्ते व्हा" ओरडणारा. मला त्या दिवशी नाव माहीत असतं ना, तर मी "चातकाचं पिल्लू" एवढे दोन शब्द लिहून मोकळी झाले असते आणि तो नाकतोडा, ती आळीपाळी, यातलं काही राहिलं नसतं. आज ते पान वाचलं की मला पिल्लू दिसतं.

आणि हे माझंच खूळ आहे असं समजू नकोस. आपले मोठे पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली लहान होते तेव्हाची गोष्ट आहे, १९०६-०७ ची, मुंबईतलं घर, तबेल्याच्या भिंतीत चिमण्यांचं घरटं. चिमणी आत आणि चिमणा बाहेर राखणीला. या दहा वर्षांच्या पोराने एअरगनने तो चिमणा मारला, तर थोड्या वेळात चिमणीने दुसरा जोडीदार आणला, तोही मारला, मग तिसरा, असे सात दिवसांत आठ. आज आपल्याला ऐकवत नाही, त्या काळी ती मर्दुमकी होती आणि त्याने मर्दुमकी म्हणूनच लिहून ठेवली. त्या पोराला पक्ष्यांच्या शास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जे दिसलं ते तसंच लिहिलं, आकड्यांसकट, आणि साठेक वर्षांनी तेच टिपण पक्षिनिरीक्षकांच्या पत्रिकेत छापलं गेलं कारण चिमणीच्या वागण्याबद्दल त्यातून काहीतरी कळत होतं, जे लिहिणाऱ्याला तेव्हा कळलेलंच नव्हतं. बेस बेस करतेस ना, हा बघ बेस. बघितलेलं लिहिलं की तोच बेस होतो, आधी कुठून आणणार?

आता मी एवढी का चिडते तेही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की म्हातारी उगाच मागे लागलीय.

कॉलेजात असताना माझ्या वह्या होत्या. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या, त्यात पिक्चर, नाटकं, कुठे फिरायला गेलो ते, सगळं. लग्नानंतर घरं बदलली, सामान इकडून तिकडे गेलं, आणि कधीतरी त्या वह्या रद्दीत गेल्या. कोणी दिल्या, कधी दिल्या, आता विचारून उपयोग नाही. १९८२ ला 'उंबरठा' आला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आम्ही दोघी मैत्रिणी बघून चालत घरी आलो आणि वाटेत कडाक्याचं भांडलो, तिच्या घराच्या फाटकापाशी उभं राहून भांडलो, तिची आई बाहेर येऊन ओरडली तेव्हा थांबलो. सुलभा शेवटी घर सोडून जाते ते बरोबर की चूक यावर. एवढं सगळं आठवतंय. पण मी कोणत्या बाजूने भांडत होते ते आठवत नाही. खरंच आठवत नाही. अठरा वर्षांच्या मला काय वाटलं होतं, ती जाते तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं की तिच्या मुलीचं वाईट वाटलं होतं? ती मैत्रीण आता नाही, म्हणजे विचारायलाही कोणी नाही. त्यानंतर त्या पिक्चरवर इतकं वाचलं, इतकं ऐकलं, सुलभा झालेल्या स्मिता पाटीलबद्दल इतकी भाषणं ऐकली, की आता माझ्याकडे जे उरलंय ते सगळ्यांचं मत आहे. माझं रद्दीत गेलं. तू तर हाताने पुसलंस गं.

म्हणून पुसायचं नाही. मत बदललं तर खाली नवीन तारीख घालून नवीन मत लिही, वरचं राहू दे. दहा वर्षांनी 'किल्ला' परत बघशील, तेव्हा कदाचित आईच्या बाजूने बघशील, मुलाच्या नाही, आणि मग हे दोन तुकडे शेजारी ठेवून वाचशील तेव्हा तुला जे कळेल ते कुठल्याही परीक्षणात मिळणार नाहीये.

पी. के. नायर यांचं नाव ऐकलंयस का? लॉ कॉलेज रोडवरचं फिल्म अर्काइव्ह, जुने पिक्चर जपून ठेवणारं, १९६४ ला सुरू झालं, ते उभं केलं या माणसाने. फाळक्यांच्या पिक्चरची जी काही रिळं आज आपल्याला बघायला मिळतात ती त्यांनी शोधून आणली म्हणून. लहानपणी ते थिएटरची तिकिटं जपून ठेवायचे. आणि मोठेपणी, हजारो पिक्चर बघून झालेला माणूस, अंधारात बसून छोट्या टॉर्चच्या उजेडात वहीत लिहायचे. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. ज्याला सगळं माहितीये तो माणूससुद्धा पडद्यावर जे चाललंय ते तिथल्या तिथे उतरवतोय, नंतर आठवून लिहीन असं म्हणत नाहीये. आणि तू, जिला अजून सगळं ताजं ताजं दिसतंय, ती म्हणतेस की आधी शिकते मग लिहिते.

तुझ्यासारख्यांचं काय होतं माहितीये? पिक्चरबद्दल लिहायचं म्हटलं की तुम्हाला वाटतं कथा सांगायची, मग अभिनय, मग छायाचित्रण उत्तम, मग पाचपैकी साडेतीन. हे कोणालाही लिहिता येतं आणि कोणी वाचत नाही. तुला काय दिसलं ते सांग. २०१४ ला 'फॅन्ड्री' बघायला गेले होते. त्यात जब्या नावाचा पोरगा काळ्या चिमणीच्या मागे लागलेला असतो, ती मिळाली की वर्गातली शालू आपल्याला मिळेल असं त्याच्या डोक्यात, आणि शेवटी घरच्यांबरोबर त्याला सगळ्या गावासमोर, शाळेसमोर डुकरं पकडावी लागतात. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी उभं, आणि डुक्कर निघून जातं. आता हे सगळ्यांनी लिहिलंय. माझ्या वहीत काय आहे सांगू? माझ्या पुढच्या रांगेतले दोघं तिघं त्या वेळी थिएटरात उभे राहिले. त्यांना बघून अजून काही उठले. मी उठले नाही पण माझे पाय आखडले. पडद्यावरचे उभे, पडद्यासमोरचे उभे, आणि मधून ते डुक्कर पळतंय. आणि शेवटी त्याने दगड भिरकावला तेव्हा तेच पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडे न बघता बाहेर पडले. हे माझं आहे. उद्या 'फॅन्ड्री'वर कोणी मोठा ग्रंथ लिहिला तरी त्यात हे नसणार, कारण त्या खुर्चीवर मी बसले होते.

'श्वास'चंही तसंच. २००४ ला आला तेव्हा सगळीकडे एकच, रडवतो, रडवतो, सुवर्णकमळ मिळालं, 'श्यामची आई'नंतर इतक्या वर्षांनी मराठीला मिळालं, ऑस्करला चाललाय. मी यातलं काहीही न वाचता गेले, त्यासाठी घरात पेपरची पुरवणी चार दिवस उलटी करून ठेवली होती. मी रडले नाही. मला त्यात आजोबांचा राग आला होता आणि आजोबांवर माया पण आली होती, दोन्ही एकदम. ऑपरेशनने नातवाचा जीव वाचणार पण दृष्टी जाणार, म्हणून ते त्याला हॉस्पिटलातून न सांगता घेऊन जातात, शेवटचं बघून घे म्हणून. मी वहीत लिहिलंय की पोर जे बघतंय त्याकडे आजोबा बघतच नाहीयेत, ते पोराकडे बघतायत. बस. तेव्हा कोणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते एवढ्या मोठ्या पिक्चरमधून हे काय काढलंस. म्हणू देत. तो पिक्चर आठवला की मला आजही तीच एक ओळ आठवते, आणि टेकडीवर जाताना कधीकधी वाटतं की उद्यापासून काही दिसणार नाहीये असं धरून चालावं. तू तरी तसं करून बघ एकदा. फोन खिशात ठेवून.

मला माहितीये लोक माझ्याबद्दल काय बोलतात. एका फिल्म सर्कलमध्ये मी बरीच वर्षं जात होते. तिथे पिक्चर संपला की दिवे लागायच्या आत चर्चा सुरू, एक ठरलेले गृहस्थ उठायचे, माइक घ्यायचे आणि आपण काय बघितलं ते आपल्याला सांगायचे. मी म्हणायचे, पंधरा मिनिटं थांबा, लोकांना दोन ओळी लिहू द्या, मग बोला. दर वेळी म्हणायचे. शेवटी मला सांगितलं गेलं की तुमच्यामुळे वातावरण बिघडतं. मी जाणं सोडलं. सोडलं ते बरोबरच केलं, आजही परत तसंच करीन, कारण तिथे नवीन आलेली तुझ्या वयाची पोरं पिक्चर संपल्यावर आधी त्या गृहस्थांच्या तोंडाकडे बघायची, की आवडलाय का यांना, आणि मग आपलं तोंड ठरवायची. मला ते बघवायचं नाही. पक्षी बघणाऱ्या एका ग्रुपचंही तेच झालं, तिथे किती स्पीशीज झाल्या याची शर्यत, एक पक्षी दिसला की नाव मोठ्याने ओरडायचं आणि गाडीत बसायचं. माझी लेक म्हणते आई तुझ्याबरोबर कोणी पिक्चरला येऊच शकत नाही, तू गाडीत बोलू देत नाहीस. नाही देत. घरी पोचेपर्यंत नाही देत. घरी पोचल्यावर चहा ठेवते, लिहून होतं, आणि मग रात्री एक वाजेपर्यंत मीच बोलत बसते हे ती सांगत नाही कोणाला! मला माणसं नको आहेत असं नाही. उलट प्रत्येकाने आपापलं घेऊन यावं आणि मग भांडावं, त्यातच मजा आहे. सगळे एकाच माणसाचं मत घेऊन आले तर भांडणार कोणाशी?

आणि टेकडीच्या वह्यांचा उपयोग काय असं तू मागे विचारलं होतंस. उपयोगासाठी मी लिहीत नाही, पण झाला. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीतून न्यायचा वाद पेटला, २०२३ मध्ये टेकडी वाचवा म्हणून माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा एकाने मला विचारलं की टेकडीवर नवरंग पक्षी येतो म्हणता, लिहिलेलं काही आहे का. होतं की. मेअखेर, जूनचा पहिला आठवडा, पाऊस तोंडावर आलेला, झाडीतून ती दोन सुरांची शिट्टी, आणि मग खाली पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत पानं उलटणारा तो हिरवा निळा पक्षी. वर्ष, तारीख, जागा. मी झेरॉक्स काढून दिल्या. पुढे त्यांनी त्याचं काय केलं ते मला माहीत नाही, माझं काम देण्याचं होतं. पण "पूर्वी खूप पक्षी दिसायचे हो" असं म्हणणारे शंभर जण भेटतात, तारीख सांगणारा एखादाच.

तुझ्या फोटोंना तारीख असते, ती फोन आपोआप घालतो. तुला काय वाटलं ते फोन घालत नाही. ते तुलाच घालावं लागणार आणि त्याच दिवशी घालावं लागणार. दुसऱ्या दिवशी लिहिलं तर अर्धं गळतं, आठवड्याने लिहिलं तर जे उरतं ते छान छान असतं. निसर्गरम्य वातावरण, अप्रतिम अनुभव, असली वाक्यं आली की समज उशीर झाला. मला चांगलं मराठी नको तुझ्याकडून. "कुसळं सॉक्समध्ये घुसली आणि घरी येऊन अर्धा तास उपटत बसले" हे तू गेल्या नोव्हेंबरात लिहिलं होतंस, ते किती छान होतं. तसं लिही. कोणाला आवडतंय, किती लाइक्स आले, ते तुझ्या हातात नाही आणि त्यावर झोप घालवू नकोस, तब्येत बघ.

तो ऑफिसमधला मुलगा आहे ना, त्याच्याशी भांडू नकोस पण. त्याला विचार, तुला 'किल्ला'त काय दिसलं? आवडला का हे विचारू नकोस, काय दिसलं ते विचार. त्याने स्वतःचं काही सांगितलं तर त्याच्याबरोबर पुढचा पिक्चर बघायला जा, तो माणूस कामाचा आहे. आणि कोणाचंतरी ऐकलेलं सांगत बसला तर चहा पाज आणि विषय बदल.

फिल्म अॅप्रिसिएशनच्या कोर्सचं म्हणत होतीस, एफटीआयआय म्हणजे आपली फिल्म इन्स्टिट्यूट आणि अर्काइव्ह यांचा. कर ना, जरूर कर, मी कशाला नको म्हणेन. रोज पिक्चर दाखवतात, जाणती माणसं शिकवतात, जगभरचं काय काय बघायला मिळतं आणि आपण जे बघत होतो त्याच्या मागे काय काय असतं ते कळतं. माझी फक्त एक अट. फॉर्म भरायच्या आधी, तू आजवर बघितलेल्यातले तुला मनापासून आवडलेले पाच पिक्चर घे आणि मनापासून न आवडलेले पाच घे, हो, न आवडलेलेही, मग भले त्यांना जगात कितीही पुरस्कार असोत, आणि प्रत्येकाबद्दल अर्धं पान लिही. का आवडला आणि का नाही, कुठल्या सीनला मोबाईल बघावासा वाटला तेसुद्धा लिही. खाली तारीख आणि सही कर. आणि ते पाकिटात घालून कपाटात ठेव. मला पाठवू नकोस. तू पाठवशील, मला माहितीये, मावशी बघ बरं बरोबर आहे का म्हणून. मी वाचणार नाही. माझं मत ऐकलंस की तुझं हलेल.

रविवारी टेकडीवर यायचं असेल तर साडेसहाला एआरएआयच्या गेटपाशी ये, सातला आलीस तर मी पुढे गेलेली असेन.

तुझी,
मावशी